समोर बसून ऐकलेला विनोद

गांधीबागेतील कापडाची दुकाने रात्री बंद होतात, घरोघरी जेवणे आटोपतात आणि मग प्रत्येक जण आपापला मोबाईल घेऊन बसतो. कोपऱ्यात एक जण खळखळून हसतो, बाकीचे विचारतात, "काय झाले?" तो दाखवेपर्यंत त्याचे हसू ओसरलेले असते. स्टँड-अप कॉमेडी आमच्या घरात अशीच तुकड्या-तुकड्यांनी आली. मागच्या हिवाळ्यात मात्र आम्ही घरातील सहा जण तिकिटे काढून एका तरुण कलाकाराचा कार्यक्रम पाहायला गेलो.

जाण्याआधी घरात बरीच चर्चा झाली. दादींनी विचारले, "गाणे-बजावणे आहे का?" नाही, एकच माणूस माईक घेऊन तासभर बोलतो, असे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग ही तर तकरीर झाली!" भाभींना काळजी होती शिवीगाळीची. मुलांसोबत कसे बसायचे? अब्बांना वेगळीच चिंता. कोणी येऊन गोंधळ घातला तर?

अब्बांची चिंता उगाच नव्हती. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमधील एका कॅफेत मुनव्वर फारुकी या विनोदवीराला कार्यक्रमाच्या ठिकाणीच अटक झाली. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, तोपर्यंत त्याने महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा बंगळुरूचा कार्यक्रम रद्द झाला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये तोच 'बिग बॉस'च्या सतराव्या पर्वाचा विजेता ठरला. हसवणाऱ्या माणसाचे नाव काय आहे, यावरही आपल्या देशात कधी कधी बरेच काही ठरते, हे घरातील मोठ्यांनी पाहिलेले आहे.

तरीही आम्ही गेलो, कारण एकट्याने उभे राहून लोकांना हसवणे आपल्या भागाला परके नाही. २००५ साली 'द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज'चे पहिले पर्व टीव्हीवर गाजले. त्याचा विजेता सुनील पाल आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटचा, तर उपविजेते एहसान कुरेशी नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागणाऱ्या सिवनीचे. आणि अमरावतीचे डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांना विदर्भात कोण ओळखत नाही? 'मिर्झा एक्सप्रेस' या नावाने त्यांनी वऱ्हाडी बोलीतील कविता आणि किस्से गावोगावी नेले. मुसलमान माणूस आणि वऱ्हाडी मराठी यांचे नाते त्यांना कधी समजावून सांगावे लागले नाही. ते बोलू लागले की श्रोत्यांना ते आपोआप कळायचे.

आम्ही पाहिलेल्या तरुणाने सुरुवात स्वतःपासून केली. त्याची नोकरी, त्याचा घरमालक, त्याची अम्मी. मग पहिल्या रांगेतील एका काकांना त्याने व्यवसाय विचारला. "गांधीबागेत कापड," असे उत्तर आले. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही वीस थान उलगडून दाखवता आणि बाई म्हणते, यात दुसरा रंग नाही का? चाचा, माझ्यापेक्षा कठीण प्रेक्षक तुमच्याकडे येतात!" अब्बा इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

पुढे त्याने बोलताना अडखळणाऱ्या एका बँक कारकुनाची नक्कल केली. सभागृह हसले. आमचा सोळा वर्षांचा पुतण्याही बोलताना अडखळतो. त्याने मान खाली घातली आणि बुटांकडे पाहत राहिला. भाभींनी त्याच्या हातावर हात ठेवला. आमच्या रांगेतील हसू तेथेच थांबले. हाच तुकडा घरी मोबाईलवर आला असता, तर आपापल्या कोपऱ्यात आम्हीही कदाचित हसलो असतो. शेजारच्या खुर्चीवर कोणाला काय लागले, हे एकत्र बसल्यामुळेच दिसले.

कार्यक्रमानंतर तो तरुण दाराशी लोकांसोबत फोटो काढत उभा होता. भाभींनी त्याला शांतपणे सांगितले, "बेटा, सगळे छान होते. ती नक्कल मात्र एका मुलाला लागली." त्याने ऐकून घेतले आणि मान हलवली. पुढे त्याने तो भाग काढला की ठेवला, ते त्याचे त्याला ठाऊक. पण सांगणे आवश्यक होते. ही कलाच तशी आहे. कलाकार आपले नवे किस्से आधी 'ओपन माइक'च्या छोट्या कार्यक्रमांत पाच-सात मिनिटे म्हणून पाहतो. लोक हसले तर ठेवतो, गप्प बसले तर बदलतो. म्हणजे समोर बसलेला श्रोताही तो विनोद घडवत असतो. त्याच्या हसण्यालाही जबाबदारी असते.

आपल्या दीनने हसण्याला मनाई केलेली नाही. एकाने स्वारीसाठी जनावर मागितले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला उंटिणीचे पिल्लू देतो असे म्हटले. पिल्लू घेऊन काय करू, असे तो विचारू लागला, तेव्हा प्रत्येक उंट हा कोणत्या तरी उंटिणीचे पिल्लूच असतो, असे त्यांनी त्याला सांगितले. या थट्टेत खोटे नव्हते आणि कोणाचा अपमानही नव्हता. सूरह हुजुरातमध्ये मात्र दुसऱ्यांची टर उडवण्यास स्पष्ट मनाई आहे. ज्यांची टर उडवली जाते, ते कदाचित अधिक चांगले असू शकतात, असे तेथे बजावले आहे.

म्हणून वाचकहो, अशा कार्यक्रमाला जायचे तर घरच्यांना घेऊन जरूर जा. तिकीट काढण्यापूर्वी भाषा आणि वयोमर्यादा पाहून घ्या. त्या कलाकाराचा एखादा पूर्ण कार्यक्रम आधी स्वतः ऐका, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यावर विसंबू नका. वेळ पाहा, म्हणजे मगरिब आणि इशाची ओढाताण होणार नाही. आणि परतताना मुलांना एवढेच विचारा की कशावर जास्त हसू आले आणि कशावर आले नाही. आमच्या पुतण्याने रिक्षात बसल्यावर थांबत थांबत, पण स्वतःच्या आवाजात, थानाचा तो किस्सा पुन्हा सांगितला. घाई न करता आम्ही तो शेवटपर्यंत ऐकला, आणि सगळे हसलो.