मी पाण्याखाली छायाचित्रे काढू लागलो

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी माणसाने काय करावे, याविषयी आपल्याकडे बहुतेकांची मते ठरलेली आहेत. सकाळी फिरायला जावे, रक्तातली साखर तपासून घ्यावी आणि मुलांच्या लग्नाचे बघावे. मी मात्र पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी उतरायचे आणि तिथली छायाचित्रे काढायची ठरवले. सौभाग्यवतींनी ते ऐकून एवढेच विचारले, "विम्याचा हप्ता भरला आहे ना?"

खरा विरोध होता तो आईचा. आईचे माहेर मालवण. ती अकरा वर्षांची असताना तिचा थोरला भाऊ होडी घेऊन गेला तो परत आला नाही. पुढे सारा जन्म मुंबईत गेला; पण सुट्टीत मालवणला गेलो की आई किनाऱ्यावर उभी राहून सिंधुदुर्गाकडे बघत राही, गुडघ्यापलीकडच्या पाण्यात मात्र तिने कधी पाऊल टाकले नाही. माझा बेत कळल्यावर ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जायचेच असेल तर नीट शिकून जा. अर्धवट शिकून नको."

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा पहिला धडा मला असा घरातच मिळाला. पुढे ज्यांनी ज्यांनी शिकवले त्यांनी तेच सांगितले: आधी पाणबुडी व्हा, मग कॅमेऱ्याला हात लावा.

आधी श्वास, मग फोटो

पोहायला मी लहानपणी शिकलो होतो. पण पोहणे वेगळे आणि पाण्याखाली राहणे वेगळे. डॉक्टरांकडून छाती, कान, रक्तदाब तपासून घेतले आणि शिकवणी सुरू केली. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणून खाली जाताना नाक दाबून कानांतला दाब पुन्हा पुन्हा सारखा करावा लागतो. वर येताना श्वास रोखून धरणे तर प्राणावर बेतू शकते, कारण दाब कमी झाला की फुप्फुसांतली हवा फुगते. या दोन गोष्टी अंगात मुरल्यावर तिसरी शिकायची, ती म्हणजे तरंगत एका जागी स्थिर राहणे. वर जायचे नाही, खाली बुडायचे नाही, हातपाय झाडायचे नाहीत. ज्याला हे जमत नाही त्याच्या हातात कॅमेरा देणे म्हणजे नवशिक्याला गर्दीच्या रस्त्यावर मोटार हाकताना वर्तमानपत्र वाचायला देण्यासारखे आहे.

दीडशे वर्षांचा छंद

हा छंद आजकालचा असावा अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात 1856 साली इंग्लंडमध्ये वेमथजवळच्या समुद्रात विल्यम थॉम्पसन यांनी खांबाला कॅमेरा बांधून होडीतून खाली सोडला होता. पेटीत पाणी शिरले, तरी अंधूक चित्र उमटलेच. लुई बूतां या फ्रेंच जीवशास्त्रज्ञाने 1893 साली दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतः पाण्यात उतरून चित्रे घेतली. एका चित्राला कधी अर्धा तास लागे. उजेडासाठी त्याने प्राणवायू भरलेले पीप वापरले. त्यात जळत्या दिव्यावर मॅग्नेशियमची पूड फुंकायची! पाण्याखालची पहिली रंगीत छायाचित्रे 1926 साली फ्लोरिडाजवळ निघाली आणि पुढच्या वर्षी जानेवारीत 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापली गेली. आज तळहातावर मावणारा कॅमेरा आणि त्याची जलाभेद्य पेटी एवढ्यावर कोणालाही सुरुवात करता येते. या पूर्वसूरींपुढे आपले कष्ट ते काय?

एका केसाची गोष्ट

पण पाणी मला थॉम्पसनसाहेबांच्या पंक्तीला नेऊन बसवणार होते. पेटीच्या झाकणाभोवती एक रबरी कडी असते. तिच्यावरच सगळी भिस्त. पहिल्या दिवशी घाईघाईने झाकण लावताना त्या कडीखाली माझाच एक केस अडकला. आधीच थोडे उरलेले, त्यांतला एक असा कामी आला. पाच मीटरवर पेटीत थेंब दिसला, आठ मीटरवर कॅमेरा आंघोळ करीत होता. चूक सर्वस्वी माझी.

तेव्हापासून माझा नेम असा. उतरण्यापूर्वी रात्री शांतपणे बसून कडी काढायची, पुसायची, उजेडाशी धरून केस-वाळू पाहायची, मगच बसवायची. नवी पेटी पहिल्यांदा कॅमेऱ्याशिवाय, आत टिपकागद घालून बुडवायची. कागद कोरडा राहिला तरच कॅमेऱ्याची पाळी. आणि वर आल्यावर सारे सामान गोड्या पाण्यात चांगले भिजवायचे, कारण मीठ वाळले की बटणे अडकतात.

तांबडा रंग गेला कुठे?

दुसरा कॅमेरा घेऊन मालवणच्या खडकांत मी सात मीटरवर एक तांबोशी टिपली आणि विजयी मुद्रेने आईला दाखवली. आईने चष्मा चढवला. ती मनापासून बोलते तेव्हा मालवणीतच बोलते. "ही खयची तांबोशी? तांबोशी तांबडी आसता. ह्या माशाक काय झाला?"

मासा करडा-हिरवा दिसत होता खरा. दोष माशाचा नव्हता. पाणी सूर्यप्रकाशातले रंग एकेक करून गिळते आणि पहिला बळी तांबड्याचा. पाच मीटरच्या आसपास तो बहुतेक नाहीसा होतो; मग नारिंगी, मग पिवळा. उरतो हिरवा-निळा. शिवाय मासा आणि कॅमेरा यांच्यामधले पाणीही रंग खातेच. म्हणून या कलेचा मूलमंत्र एकच: जवळ जा, आणि जवळ गेलात असे वाटले की आणखी जवळ जा. पाण्यातून वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी आणि जवळ दिसते, त्यामुळे वाटते त्यापेक्षा आपण नेहमी लांबच असतो.

गेलेला रंग परत आणायचा तर आपला उजेड न्यावा लागतो. तो दिवा कॅमेऱ्याच्या डोळ्याला चिकटून ठेवू नये. मालवणच्या पाण्यात गाळ आणि सूक्ष्म जीव पुष्कळ. धुक्यात मोटारीचे मोठे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते, तसे चित्रभर पांढरे ठिपके पडतात. दिवा दांड्यावर बाजूला धरावा. आणि माशाला वरून टिपू नये. खाली जाऊन, किंचित वरच्या दिशेने टिपावे. पावसाळ्यानंतर पाणी निवळायला वेळ लागतो, तेव्हा डिसेंबर-जानेवारी धरावे.

मोडलेली थाळी

हे सारे ज्ञान घेऊन मी पुन्हा उतरलो. तांबोशी एका कपारीपाशी दिसली. मी जवळ गेलो, आणखी जवळ गेलो, आणि माझ्या पायातल्या वल्ह्याचा फटका मागे थाळीसारख्या पसरलेल्या पोवळ्याला बसला. हाताएवढा तुकडा तुटून खाली पडला.

वर आल्यावर बरोबरचा मालवणी तरुण हळूच म्हणाला, "काका, फोटो गावलो, पण ता मोडला."

प्रवाळाच्या कितीतरी जाती वर्षाला काही मिलिमीटर ते एखाद-दोन सेंटीमीटरच वाढतात. म्हणजे माझ्या एका लाथेने कित्येक वर्षे मोडली. इथला समुद्राचा काही भाग 1987 पासून अभयारण्य आहे, कायद्यानेही प्रवाळाला संरक्षण आहे. पण मला कायदा आठवला नाही. त्या पोराचा आवाज आठवत राहिला. तो ओरडला असता तर बरे झाले असते. ते चित्र मी पुसून टाकले आणि उरलेली सुट्टी कॅमेऱ्यावाचून नुसता तरंगायला शिकलो.

आईने पाहिले

पुढच्या जानेवारीत तांबोशी मिळाली. यावेळी मी तिच्यामागे गेलो नाही. कपारीपासून थोडा दूर, वाळूवर, हवा मोजीत थांबलो. थोड्या वेळाने तीच बाहेर आली. दिवा बाजूला, कॅमेरा खाली, एकच चित्र. मासा लालबुंद, मागे निळसर-हिरवे पाणी.

आईने ते खूप वेळ पाहिले. तांबोशीविषयी ती काहीच बोलली नाही. माशाच्या मागच्या पाण्यावर बोट ठेवून तिने विचारले, "मागचो उजेड तुझ्या बॅटरीचो?"

"नाही आई, माशावरचा तेवढा माझा. मागचा सूर्याचा."

"म्हणजे थय काळोख नसता," ती म्हणाली. मग चष्मा काढून पदराने पुसला.

ते चित्र आता तिच्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी लावले आहे. तेव्हा वाचकहो, कोणाला हा छंद लागलाच तर अवश्य उतरा. नीट शिकून उतरा, कडी तपासून उतरा, आणि खाली कशालाही धक्का न लावता वर या. घरी कोणीतरी वाट पाहत असते.