खोपा विणतो कोण?

लावणी उरकली की विहिरीवरच्या नाहीतर ओढ्याकाठच्या शिंदीवर खोपे लोंबायला लागतात. ते विणणाऱ्या पाखराला आपण सुगरण म्हणतो. बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही खोपा बांधणारी ‘ती’च आहे. पण खरं सांगायचं तर खोपा विणतो तो नर! पावसाळ्यात डोक्यावर पिवळीधमक टोपी आणि गालांवर काळपट रंग मिरवणारा, तो हा. मादी साधी, चिमणीसारखी दिसते. कष्ट नराचे आणि नाव मादीचे, असा उलटा कारभार क्वचितच बघायला मिळतो, म्हणून आम्हाला याचं भारी कौतुक!

या पाखराचा सगळा संसार जगापुढे आला तो आपल्याच किनाऱ्यावरून, अलिबागजवळच्या किहीममधून. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. पक्षीतज्ज्ञ सालिम अली 1930 मध्ये जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच पैशांअभावी रद्द झालेली. दुसरी नोकरी मिळेना. मग ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला येऊन राहिले, आणि तिथे त्यांनी सुगरणींवर बारीक नजर ठेवली.

त्यांना काय दिसलं? नर भाताच्या, गवताच्या पातीला चोचीने खाच पाडतो आणि लांब पट्टी सोलून उडतो. माडाच्या, शिंदीच्या झावळ्यांचेही धागे काढतो. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात. आधी गाठ मारून टांगणं, मग कडं, मग टोपीसारखा अर्धा खोपा. आतल्या बाजूला ओल्या मातीचे गोळेही लावतो. इथे काम थांबतं. आता पंख फडफडवत माद्यांना हाका मारायच्या. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत नसेल तर सरळ निघून जाते, आणि बिचाऱ्याचा खोपा अर्धाच राहतो. झाडाखाली अर्धवट खोपे पडलेले दिसतात, त्यातले बरेचसे हे नापसंत झालेले. पसंत पडला, तरच तो अंड्यांची खोली आणि खाली लांब नळी विणून काम पुरं करतो. पुढच्या अभ्यासकांना असंही आढळलं, की मादी विणकामापेक्षा जागा जास्त पारखते: उंच, काटेरी झाड, भक्कम फांदी. सासरचं घर बघायला गेलेल्या आपल्या आयांनी भिंतीच्या रंगाआधी पाण्याची सोय विचारली, त्यातलाच प्रकार.

मादी घरात आली की नराची जबाबदारी बहुतेक संपते. तो शेजारी दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. दोन ते चार पांढरी अंडी उबवायची एकट्या मादीने, पिल्लांना भरवायचंही बहुतेक तिनेच. म्हणजे शेवटी ‘सुगरण’ हे नाव अगदीच फुकट गेलेलं नाही!

खोपे बहुधा झाडाच्या पूर्व बाजूला असतात, पावसाळी वारा नैऋत्येचा म्हणून. शास्त्रीय नावात मात्र फिलिपिन्स बेटांचं नाव चिकटलंय, आणि तिथे हे पाखरू मुळात नाहीच.

आता भाताचा प्रश्न. लोंब्या भरल्या की थवे उतरतात, दाणे खातात, हे खरं आहे. हाकलावं, त्यात काही गैर नाही. पण पिल्लं वाढतात ती किड्या-अळ्यांवर, आणि ते किडे येतात आपल्याच खाचरांतून. खोपे भरलेले असताना बांधाशेजारी औषध मारलं, तर विष पिल्लाच्या चोचीपर्यंत पोहोचतं. म्हणून फवारणी खरोखर गरज असेल तरच करा.

दुसरं झाडांचं. प्लॉटला कुंपण घालताना ‘काय कामाची ही शिंदी’ म्हणत पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. निदान जून ते सप्टेंबर ती थांबवता येते. शोभेसाठी खोपा हवा असेल, तर हंगाम संपल्यावर वाऱ्याने पडलेला उचला. पाहुण्यांना विकायला भरला खोपा कुणी उतरवत असेल तर त्याला सांगा, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपाखरांची अंडी, घरटी छेडणं हेही शिकारीतच धरलं आहे. आणि झाडावर राहिलेले जुने खोपे राहू द्या. मुनिया त्यात बिऱ्हाड करतात.