दहा घरांचा पट

खेळण्यांच्या दुकानात लहान मुलांसाठी मांडलेल्या पेट्यांपैकी ‘शैक्षणिक’ हा शब्द जिच्यावर छापलेला नाही अशी पेटी अलीकडे शोधूनच काढावी लागते; आणि आपल्या तीन-चार वर्षांच्या अपत्याच्या बुद्धिविकासाविषयी मनापासून आस्था बाळगणारा पालक, त्या शब्दाची शहानिशा करण्याचे कोणतेही साधन हाताशी नसल्यामुळे, पेटीवरील चित्र, तिची किंमत आणि दुकानदाराची शिफारस एवढ्याच आधारावर खरेदी उरकतो. सरकारी शिक्क्याचाही येथे उपयोग नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे आपल्या देशात सक्तीचे झाले, आणि ते अत्यंत इष्ट झाले. परंतु त्या चिन्हाचा संबंध बोचणाऱ्या कडा, घशात अडकणारे सुटे भाग, चटकन पेट घेणारे पदार्थ आणि रंगांतील शिशासारखी विषारी द्रव्ये यांच्याशी आहे. खेळातून मूल काही शिकेल किंवा कसे, ही तहकीकात त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

ती तहकीकात मानसशास्त्रज्ञांनी केली आहे, आणि तिच्यातील एक प्रयोग इतका साधा, इतका अल्पखर्ची आणि तरीही इतका उद्बोधक आहे की तो तपशिलाने सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट सिग्लर आणि त्यांच्या सहकारी गीता रमणी यांनी २००८ साली तो प्रसिद्ध केला. गरीब कुटुंबांतील चार-पाच वर्षांची १२४ बालके त्यात होती. या वयाच्या मुलांना एक ते दहा आकडे तोंडपाठ येत असले, तरी एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला दहा लिहिलेली कोरी रेघ पुढे ठेवून ‘हिच्यावर आठ कुठे येईल?’ असे विचारले की त्यांतील अनेकांची खूण भलतीकडेच पडते. म्हणजे आकड्यांचा क्रम जिभेवर बसलेला असतो, पण कोणती संख्या किती मोठी याचे भान मनात उमटलेले नसते. प्रयोगकर्त्यांनी एक लांबट पट तयार केला. त्यावर डावीकडून उजवीकडे, एकाच ओळीत, सारख्या आकाराची दहा घरे होती, घरांत क्रमाने एक ते दहा आकडे होते, आणि फाशाऐवजी एक फिरकी होती, जिच्यावर एक आणि दोन एवढेच आकडे येत. सोंगटी तीनच्या घरात असताना फिरकीने दोन दाखविले, तर सोंगटी पुढे सरकवताना मुलाने ‘एक, दोन’ म्हणावयाचे नाही. ‘चार, पाच’ असे, ज्या घरात पाऊल पडेल त्या घराचे नाव उच्चारावयाचे. दुसऱ्या गटासाठी पट तसाच, खेळही तसाच. फक्त आकड्यांच्या जागी रंग, आणि उच्चारावयाची ती रंगांची नावे.

दोन आठवड्यांच्या आत पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकी झाल्या. एवढ्या अल्प अवधीत आकड्यांच्या पटावर खेळलेली मुले मोजणे, लिहिलेला आकडा ओळखणे, दोन संख्यांपैकी मोठी कोणती ते सांगणे आणि रेघेवर संख्येची जागा दाखविणे, अशा चारही बाबतींत पुढे सरकली, आणि नऊ आठवड्यांनी पुन्हा परीक्षा घेतली तेव्हाही ती प्रगती टिकून असल्याचे दिसले. रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांत तशी प्रगती आढळली नाही.

याचे कारण सिग्लर यांनी जे मांडले ते मला फार मोलाचे वाटते. सरळ पटावर संख्या जसजशी मोठी होते तसतसे सोंगटीने कापलेले अंतर वाढते, हाताने केलेल्या हालचाली वाढतात, तोंडाने उच्चारलेले आकडे वाढतात आणि तेथवर पोहोचण्यास लागलेला वेळही वाढतो. अशा रीतीने डोळा, हात, जीभ आणि काळाची जाणीव हे चारही साक्षीदार एकाच वेळी, एकच कैफियत मुलाच्या मनापुढे मांडतात, आणि आठ म्हणजे तीनपेक्षा पुष्कळ दूर, पुष्कळ जास्त, हे त्याला कोणी न सांगता पटते. या स्पष्टीकरणाची पुढे कसून परीक्षाही झाली. हेच आकडे वर्तुळाकार पटावर मांडले तेव्हा २००९ सालच्या प्रयोगात लाभ कमी पडला. नंतर एलिडा लास्की आणि सिग्लर यांनी शंभर घरांचा पट घेऊन २०१४ मध्ये असे दाखविले की, घरातील आकडा वाचत पुढे जाणारी मुले शिकतात आणि दर खेपेस ‘एक, दोन’पासून मोजणाऱ्या मुलांना त्याच पटाचा तसा लाभ होत नाही. पट तोच, फिरकी तीच, पेटीवरचा मजकूर तोच. केवळ तोंडाने काय म्हणावयाचे एवढ्या एका शिरस्त्यात फरक, आणि तेवढ्याने खेळाचे फळ बदलते.

या कसोटीवर आपली घरोघरची सापशिडी घासून पाहावी. तिची शंभर घरे एका ओळीत डावीकडून उजवीकडे आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे अशी वळत जातात, शिडी मुलाला मधल्या संख्यांवरून उचलून नेते, साप त्याला खाली आणतो, आणि फाशावर पाच पडले की आपण सारेच ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ म्हणत सोंगटी चालवतो. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी हा खेळ उत्तम आहे, त्यातील हारजीत सोसण्याचे शिक्षण तर अमोल आहे. परंतु संख्येचे परिमाण प्रथमच समजून घेणाऱ्या चार वर्षांच्या बालकापुढे तो मांडणे म्हणजे एकाच वेळी फार गोष्टींचा उलगडा त्याच्यावर सोपविणे होय.

खेळाची परीक्षा त्याच्या देखणेपणावरून करू नये, त्यात मुलाचा हात नेमके काय करतो यावरून करावी, हा विचार तसा जुनाच आहे. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरी यांनी आपले बालगृह उघडले, त्यांच्या साधनांतील दट्ट्यांच्या पेटीत प्रत्येक दट्ट्या आपल्याच खाचेत नीट बसतो. एक जरी चुकला तरी अखेरीस उरलेला दट्ट्या उरलेल्या खाचेत बसत नाही, आणि चूक दाखवून देण्यासाठी शिक्षिकेला तोंड उघडावे लागत नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालविल्या, तेव्हा ही महाग साधने आदिवासी पाड्यांवर न्यावयाची कोठून, हा प्रश्न त्यांनी शिंपले, दगड, पाने आणि बिया यांच्या साहाय्याने सोडविला. लहानमोठे दगड क्रमाने लावणारे मूल आकारांची तुलनाच करीत असते, मग साधन रोमहून आलेले असो की ओढ्यातून.

बटण दाबताच गाणी म्हणणाऱ्या, दिवे लावणाऱ्या खेळण्यांविषयी थोडक्यात सांगता येईल. दहा ते सोळा महिन्यांची बाळे आणि त्यांचे पालक अशा २६ जोड्यांचे अ‍ॅना सोसा यांनी केलेले निरीक्षण २०१६ साली प्रसिद्ध झाले. विजेऱ्यांवर चालणारी, बोलणारी खेळणी समोर असताना आईबाप कमी बोलले, आणि बाळेही कमी उद्गार काढू लागली; पुस्तके पुढे ठेवली तेव्हा तीच माणसे अधिक बोलली. खेळणे बोलू लागले की घरातील मोठे माणूस गप्प बसते, आणि त्या वयात भाषा येते ती माणसाकडूनच, म्हणून अशा खेळण्यांवर माझी स्पष्ट हरकत आहे.

दहा घरांचा पट मात्र विकत आणण्याचीही गरज नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यावर सुमारे अर्धा मीटर लांबीची पट्टी आखावी, तिची दहा समान घरे पाडून त्यांत ठसठशीत आकडे लिहावेत, आणि फिरकीऐवजी नाणे घ्यावे: छापा पडल्यास एक घर, काटा पडल्यास दोन. सोंगट्या म्हणून सागरगोटा आणि चिंचोका चालतील, पण रांगते भावंड घरात असेल तर तोंडात मावणार नाही अशीच मोठी वस्तू घ्यावी. खेळताना आजी, आजोबा, आई किंवा बाबा यांपैकी कोणीतरी समोर भिडू म्हणून बसावे, स्वतःच्या सोंगटीची घरेही मोठ्याने वाचावीत, आणि मूल ‘एक, दोन’ म्हणू लागले तर न रागावता घरातील आकड्यावर बोट ठेवून तो त्याच्याकडून म्हणवून घ्यावा. दहापर्यंतची वाट सरावाची झाली की पट्टीला तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी सरळ रेषेत जोडून वीसपर्यंत घरे वाढवावीत. सापशिडी त्यानंतर काढावी, आणि तिच्यावरही सोंगटी घरांची नावे घेतच चालवावी.