कागदाच्या बस्त्यातही रोजगार आहे

खानदेशात लग्न ठरले की दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला दुकानात येतात. आम्हा पिंपळनेरच्या कापडवाल्यांचे वर्षाचे गणित या बस्त्यावरच चालते. शब्द मूळचा फारसी, अर्थ बांधलेले. उर्दू शाळेत पाटी-पुस्तकांच्या पिशवीलाही आम्ही बस्ताच म्हणत असू. आणि सरकारी दफ्तरखान्यात जुने कागद ज्या फडक्यात बांधून ठेवतात, त्यालाही बस्ता किंवा रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. या कागदाच्या बस्त्यात आपल्या मुलामुलींसाठी काही रोजगार आहे काय, हे आज पाहू.

पहिली गोष्ट अशी की हे काम कापडाच्या धंद्यासारखेच उमेदवारीचे आहे. दुकानावर नवा मुलगा आधी ताके उचलतो, मग घडी शिकतो, मग मोजायला बसतो आणि पुष्कळ दिवसांनी गिऱ्हाइकाशी बोलतो. ग्रंथालयातही दाखल नोंदवही, वर्गीकरण, तालिका आणि फळीवरची जागा हे हाताखाली राहूनच अंगात मुरते. आपल्या शेजारच्या मालेगाव तालुक्यातील कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड बडोद्याचे महाराज झाले. त्यांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन नावाचे तज्ज्ञ बोलावले आणि १९११ साली बडोद्यात ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग सुरू केला. पुढे रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांनाही विलायतेत जाऊन तिथल्या ग्रंथालयांचे काम पाहून शिकावे लागले. इंग्लंडमध्ये तर आता ग्रंथालय व अभिलेखागारातील सहायकासाठी शिकाऊ उमेदवारीची स्वतंत्र वाट आखलेली आहे.

आपल्याकडे कायदा आहे तो १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम. पुष्कळ वर्षे तो फिटर, वायरमन आणि इंजिनिअर यांचाच समजला जाई. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला मुलगा एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात शिकाऊ उमेदवार म्हणून राहू शकतो. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरवले. केंद्राच्या योजनेत या किमान रकमेचा निम्मा वाटा सरकार उचलते. आमच्या बाजूचे हे काम मुंबईच्या शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण मंडळाकडे येते.

आता अडचण. त्याच नियमांनुसार उमेदवार घेण्याची सक्ती आहे ती ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला. चार ते २९ माणसे असतील तर मर्जीचा मामला. तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयात माणसे किती? एक ग्रंथपाल, एक शिपाई, पुष्कळदा दोन्ही कामे एकाच्याच गळ्यात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने अनुदान मिळते. २०२२ मध्ये शासनाने त्यात ६० टक्के वाढ केली, तरी ड वर्गाच्या वाचनालयाच्या पैशात एका माणसाचा धड पगार निघत नाही, तिथे उमेदवाराला काय देणार? म्हणून कायदा आहे, पण खेड्यातल्या पोराच्या उंबरठ्यापर्यंत तो पोहोचत नाही. त्याला धुळे, नाशिक किंवा मुंबईला जाऊन खोली भाड्याने घ्यावी लागते. ९,००० मधून खोली व खानावळ गेली की हातात काय राहते, याचा हिशोब कोणताही दुकानदार चुटकीसरशी सांगेल.

ज्यांना इतके दूर जाणे जमत नाही, त्यांना दहावीनंतरचा ग्रंथालय प्रमाणपत्र वर्ग आहे. तो काही महिन्यांचा असतो. पुढे नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून ग्रंथालयशास्त्राची पदवीही होते. एखाद्या वाचनालयात अर्धा दिवस काम आणि सोबत हा अभ्यास, हीच आमच्या मते छोट्या गावाची खरी उमेदवारी. मुलींसाठी तर हे काम अतिशय चांगले.

पण आमचे लक्ष आहे ते दफ्तरखान्याकडे. तिथे आपल्या उर्दू शाळेत शिकलेल्या मुलांजवळ असे भांडवल आहे जे इतरांजवळ नाही. खानदेशात आधी फारुकी, मग मोगल, मग मराठे आले आणि १८१८ पासून इंग्रज. राज्ये बदलली तशा कागदांच्या लिप्याही बदलल्या, फारसी आणि मोडी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा एकाएकी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. मराठवाड्यातले निजामाच्या काळचे कागद उर्दू-फारसीत, त्यामुळे ती लिपी जाणणारेही हवे झाले. लाखो लोकांच्या दाखल्यांचा प्रश्न त्या कागदांवर अडला होता. उर्दू माध्यमाच्या मुलाला लिपी येते. जुने शिकस्ता वळण वाचायला त्याला उस्तादाजवळ बसावे लागेल. मोडीसाठी राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे अल्पमुदतीचे वर्ग होतात. दोन्ही लिप्या ज्याला येतील असा माणूस जिल्ह्यात शोधून पाहा, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल.

आपले धुळे याबाबत भाग्यवान. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून कागद गोळा करीत, १९२६ साली ते धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. शंकरराव देवांनी जमवलेली जुनी बाडे समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. शिकणाऱ्याला हे दोन्ही खजिने एसटीच्या अंतरावर.

कागद वाचण्याइतकेच ते जपण्याचेही काम आहे. जीर्ण झालेल्या कागदाला दोन्ही बाजूंनी शिफॉनचे झिरझिरीत कापड खळीने चिकटवून बळ देतात, हे ऐकून आम्हाला गंमत वाटली. बस्त्याचे कापड सुती आणि धुऊन खळ काढलेले हवे, नाहीतर खळीला कसर लागते. हे आमच्या गोदामातला हमालही सांगेल. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात या विद्येचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम व एक वर्षाची पदविका आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात एक कोटीहून अधिक हस्तलिखितांच्या नोंदी व जतनासाठी ज्ञान भारतम् मोहीम जाहीर झाली. तिला हात लागणारच.

पालकांनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. उमेदवारी संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असे मालकावर कायद्याने बंधन नाही. आपल्या उमेदवारांना घेण्याबाबत त्याने धोरण ठरवावे, एवढेच २०१४ पासून आहे. कायम जागा थोड्या, कंत्राटी जास्त. तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी विचारावे, की शिकवणार कोण, वर्षात मुलाच्या हातून किती पुस्तकांची तालिका किंवा किती बस्त्यांची यादी होणार, संगणकावर बसवणार की नुसती धूळ झटकायला लावणार, आणि विद्यावेतन थेट बँक खात्यात कोणत्या तारखेला जमा होणार. उत्तरे गोलमाल आली तर दुसरे दार पाहावे.