हीटरचा पंखा बंद पडला? मोटर बदलण्यापूर्वी तपासा!
जुन्या पिकअपच्या मालकांसाठी आणि गॅरेजवाल्या बांधवांसाठी काही उपयुक्त गोष्टी

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण म्हणजे धडगाव. सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेल्या या गावाचा सारा व्यापार चाकांवर चालतो. आमचूर, मोहफुले, चारोळी, सीताफळे खाली उतरतात आणि किराणा, कापड, सिमेंट, पत्रे वर चढतात. ही ने-आण बव्हंशी जुन्या पिकअप गाड्या करतात. अनेक छोट्या व्यापाऱ्यांची पिकअप हीच दुकान, हेच गोदाम आणि हेच भांडवल असते.

थंडीचे दिवस सुरू झाले की अशा गाड्यांबद्दल एक तक्रार गॅरेजमध्ये येऊ लागते, "मिस्त्री, हीटरचा पंखा चालत नाही." मैदानी भागातला माणूस म्हणेल, आपल्याकडे हीटर कशाला हवा? पण तोरणमाळ याच तालुक्यात सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, आणि शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या आपण वाचतो. पहाटे माल घेऊन निघालेल्या चालकाला हा पंखा केवळ ऊब देत नाही, तो समोरची काच साफ ठेवतो.

पंखा ही चैन नव्हे

केबिनमध्ये तीन माणसे बसली की त्यांच्या श्वासातील ओलावा थंड काचेवर जमतो आणि काच आतून पांढरी होते. पावसाळ्यातही तेच घडते. अंगावरचे कपडे ओले, खिडक्या बंद आणि काच पावसाने गार झालेली. वायपर बाहेरचे पाणी पुसतो, आतल्या धुक्याला त्याचा इलाज नाही. चालक मग एका हाताने फडके फिरवतो आणि दुसऱ्या हाताने घाटातले वळण घेतो. फडक्याला लागलेले तेल काचेवर पसरते आणि समोरून दिव्यांचा उजेड आला की काहीच दिसेनासे होते.

तळोद्याच्या बाजूने येणारा चांदसैली घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणारी एक पिकअप याच घाटात कोसळून अनेक भाविकांना प्राण गमवावे लागले. त्या अपघाताचा काचेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण हा घाट चूक माफ करीत नाही, एवढे त्यावरून समजावे. ज्या रस्त्यावर क्षणभर नजर चुकणे महागात पडते, तेथे काच साफ ठेवणारा पंखा ब्रेकइतकाच गरजेचा आहे.

चुकीच्या निदानाचा खर्च

पंखा बंद म्हणजे मोटर जळाली, असे गृहीत धरून थेट नवी मोटर बसवण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. मोठ्या शहरात चूक झाली तर समोरच्या दुकानात भाग बदलून मिळतो. धडगावच्या माणसाला मात्र त्यासाठी शहादा किंवा नंदुरबार गाठावे लागते. एक चुकीचा भाग म्हणजे त्याची किंमत, डिझेल, दिवसाची बुडालेली भाडी आणि पुन्हा तोच घाट. शिवाय इलेक्ट्रिकचा भाग एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही.

म्हणून आधी वीज कोणत्या वाटेने जाते ते समजून घ्यावे. बॅटरीतून फ्यूज, तेथून इग्निशन स्विच किंवा रिले, पुढे मोटर, मोटरचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर, डॅशबोर्डवरचा स्विच आणि शेवटी अर्थ, म्हणजे चेसिस. मॉडेलप्रमाणे क्रम थोडा बदलतो, पण या साखळीची एक कडी तुटली तरी पंखा थांबतो. मोटर ही त्यातली केवळ एक कडी आहे.

लक्षण काय सांगते?

हत्यार हातात घेण्यापूर्वी चालकाला नीट विचारावे. निम्मे निदान त्याच्या उत्तरात असते.

१) पंखा फक्त शेवटच्या, सर्वात जोराच्या नंबरवर चालतो, बाकी नंबरांवर बंद. हे रेझिस्टर जळाल्याचे लक्षण आहे. शेवटच्या नंबरवर वीज रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला मिळते, म्हणून तेवढाच नंबर चालतो. येथे मोटर बदलणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

२) पंखा एकाही नंबरवर चालत नाही. आधी फ्यूज, मग कपलर, मग अर्थ, मग स्विच आणि सर्वात शेवटी मोटर, या क्रमाने पाहावे.

३) डॅशबोर्डवर थाप मारली की चालतो, पुन्हा बंद पडतो. मोटरचे कार्बन झिजलेले असतात, किंवा एखादा कपलर ढिला असतो.

४) करकर आवाज येतो, किंवा मोटर घुमते पण पाते फिरत नाही. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाने, काड्या, कधी उंदराचे घरटेही सापडते. बुश कोरडा पडला असेल तरीही असे होते.

५) पंखा जोरात चालतो पण हवा गार येते. हा विजेचा दोष नव्हे. रेडिएटरमधले पाणी किंवा कूलंट कमी असणे, हीटरचा कॉक न उघडणे, हीटरची जाळी गाळाने चोंदणे किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकणे, यांपैकी काही तरी असेल. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. दाबाखालची वाफ चेहरा भाजते.

तपासणीची पद्धत

पहिले काम फ्यूजचे. नव्या पद्धतीच्या चपट्या फ्यूजमध्ये रंगावरून क्षमता कळते. लाल १० अँपिअर, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३०. गाडीच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणावर जो आकडा असेल तोच बसवावा. नवा फ्यूजही लगेच उडत असेल तर कोठे तरी शॉर्ट आहे किंवा मोटर जाम झाली आहे, असे समजावे. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील पन्नी घालणारे काही कमी नाहीत. फ्यूज असतो वायरिंगच्या रक्षणासाठी. तो काढून तार घातली की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरिंग जळते, आणि वायरिंगबरोबर गाडी.

दुसरे काम, मोटरपर्यंत वीज पोहोचते का ते पाहणे. येथे पुष्कळ जण फसतात. मल्टीमीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी पंखा हलत नाही. मग "वीज आहे, म्हणजे मोटरच गेली" असा निकाल दिला जातो. वास्तविक वायरीचा एकच तंतू शाबूत असला तरी मल्टीमीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवील, कारण तो वीज जवळजवळ खेचतच नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरी लावून टेस्टिंगसाठी वापरावा. तो पावणेदोन अँपिअर खेचतो. बल्ब मंद जळाला तर वाटेत अडथळा आहे. तो पूर्ण पेटला तरीही अर्थ तपासूनच पुढे जावे.

एक छोटासा हिशेब कारागिरांनी लक्षात ठेवावा. अशा पंख्याची मोटर जोरात चालताना साधारण १० अँपिअर किंवा त्याहून अधिक करंट घेते. वाटेतला एखादा कपलर गंजून त्यात अवघा ०.३ ओहम अडथळा आला, तर १० अँपिअरला ३ व्होल्ट तेथेच खर्च होतात. म्हणजे मोटरला १२ ऐवजी ९ व्होल्ट मिळतात आणि त्या कपलरमध्ये ३० वॅट उष्णता तयार होते. आपला नेहमीचा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो! प्लास्टिकचा कपलर काळा पडून वितळतो तो यामुळेच. वितळलेला कपलर दिसला तर तो बदलावा. नुसती वायर पिळून टेप गुंडाळणे म्हणजे आजचे दुखणे उद्यावर ढकलणे होय.

तिसरे काम अर्थचे. जुन्या गाडीत गंज हा अर्थचा मोठा शत्रू. स्विच पूर्ण जोरावर ठेवावा आणि मोटरच्या अर्थ वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी जाड वायर जोडून पाहावी. पंखा धावला तर दोष मोटरमध्ये नसून अर्थमध्ये किंवा अर्थच्या बाजूला असलेल्या स्विचमध्ये किंवा रेझिस्टरमध्ये आहे. दोष अर्थचा निघाला तर अर्थचा नट सोडून, पत्रा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासून पुन्हा आवळावा. या दुरुस्तीला भाग लागत नाही, फक्त कष्ट लागतात.

शेवटचे काम मोटरचे. तिचा कपलर काढून, मध्ये २० अँपिअरचा फ्यूज असलेल्या वायरीने तिला सरळ बॅटरीवर चालवावे. सुरळीत धावली तर ती चांगली आहे. अडखळली, ठिणग्या टाकल्या किंवा गप्प राहिली, तरच ती काढावी. काढल्यावरही आधी कार्बन पाहावेत. आर्मेचर चांगले असेल आणि योग्य मापाचे कार्बन मिळाले तर मोटर पुन्हा उभी राहते. साध्या मल्टीमीटरने करंट मोजायचा मोह मात्र टाळावा. त्याची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते आणि मोटर सुरू होताना त्याहून जास्त खेचते.

रेझिस्टर बदलताना आणखी एक दक्षता घ्यावी. रेझिस्टर पंख्याच्याच हवेत थंड होईल अशा जागी बसवलेला असतो. मोटर जड फिरत असेल तर करंट वाढतो, हवा कमी होते आणि नवा रेझिस्टरही काही दिवसांत जळतो. म्हणून मोटर हाताने फिरवून ती हलकी आहे याची खात्री झाल्यावरच नवा रेझिस्टर बसवावा.

मालकाने स्वतः काय करावे?

थंडीची वाट न पाहता महिन्यातून एकदा पंखा सर्व नंबरांवर चालवून पाहावा. काचेच्या खालची हवा आत घेणारी जाळी पालापाचोळ्यापासून मोकळी ठेवावी. योग्य क्षमतेचे दोन फ्यूज गाडीत ठेवावेत. काच आतून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कपड्याने पुसावी, कारण तेलकट काच लवकर धुरकटते. घाटातच पंखा बंद पडला तर खिडक्या थोड्या उघडाव्यात. थंडी वाजेल, पण काच मोकळी होईल. तरीही दिसत नसेल तर सुरक्षित जागी थांबावे. माल तासभर उशिरा पोहोचला तर काही बिघडत नाही.

हलाल कमाईचा प्रश्न

गाड्यांच्या वायरिंगच्या धंद्यात आपल्या समाजातील अनेक तरुण आहेत. या धंद्याची अडचण ही की गिऱ्हाइकाला डॅशबोर्डच्या आत काय झाले ते दिसत नाही. पाच मिनिटांत अर्थचा नट घासून पंखा सुरू झाला, आणि बिलात मोटर लावली, तर त्याला कधी कळणारही नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली आणि ती वर का ठेवली नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपण सर्व जाणतो. डॅशबोर्डच्या आतली वायरिंग ही कारागिराची धान्याची रास आहे. आत काय आहे ते गिऱ्हाइकासमोर मांडणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

याचा अर्थ फुकट काम करावे असा नाही. दोष शोधण्यासाठी ज्ञान, वेळ आणि मेहनत लागते आणि तिचा मोबदला हक्काचा आहे. फक्त तो उघडपणे "तपासणीची मजुरी" म्हणून आधी सांगून घ्यावा, न लागलेल्या भागाच्या नावाखाली घेऊ नये. जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि काय मोजले ते बिलावर दोन ओळींत लिहावे. मालकानेही, "भाग तर बदलला नाही, मग पैसे कसले?" असा वाद घालू नये. अशा वादामुळेच कारागीर नको असलेला भाग बसवायला शिकतो.

धडगावसारख्या गावात गिऱ्हाईक मोजके आणि ओळख जुनी असते. ज्या मिस्त्रीने मोटरचा खर्च वाचवला त्याचे नाव डोंगरातल्या पाड्यापाड्यांवर पोहोचते आणि पुढची गाडी आपोआप त्याच्या दारात येते. थंडी सुरू होण्यापूर्वी मालकांनी आपल्या गाडीचा पंखा एकदा चालवून पाहावा आणि कारागिरांनी टेस्टिंगचा बल्ब हाताशी ठेवावा. पहाटेच्या घाटात एकाचा जीव आणि दुसऱ्याचा विश्वास, दोन्ही त्यावर अवलंबून आहेत.