फॉस्फरस कोण तपासतो?

दरवर्षी जागतिक दुर्मिळ आजार दिन पार पडतो. महागड्या औषधांची, सरकारी मदतीची चर्चा होते; ती व्हायलाच हवी. पण हाडे मऊ करणाऱ्या एका दुखण्यात घोडे अडते ते औषधाच्या कितीतरी आधी. दुर्मिळ म्हणजे शोधूच नये, असा सोयीचा अर्थ आपण काढून ठेवलाय.

रुग्ण चाळिशीतला. मांडी घालून बसला तर हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना कठडा लागतो, बरगड्या ठणकतात. कॅल्शियम नॉर्मल. मग 60,000 युनिटच्या व्हिटॅमिन डीच्या पुड्या, मग मणक्याचा एमआरआय, शेवटी ‘टेन्शन घेऊ नका’. प्रौढांच्या रक्तात साधारण 2.5 ते 4.5 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असणारा फॉस्फरस इथे दीडवर आलेला असू शकतो. पण तो कुणी पाहिलेलाच नसतो.

मुळाशी असते एफजीएफ-23 हे हार्मोन. गंमत अशी, की ते हाडाच्याच पेशी तयार करतात. ते वाढले की मूत्रपिंडे फॉस्फेट लघवीवाटे सोडून देतात आणि व्हिटॅमिन डीचे कार्यक्षम रूपही पुरेसे बनत नाही. मग पुड्या रिचवून उपयोग काय? काहींत हा दोष जन्मजात असतो, तर काहींत एखादी लहानशी गाठ हे हार्मोन रक्तात सोडत बसते.

झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी 1959 मध्ये अशाच एका मुलीची हकीकत मांडली. मुडदूस हटेना, बरगडीतली गाठ काढली आणि तो बरा झाला. गाठीतून काहीतरी पाझरत असावे, हा प्राडर यांचा कयास. त्या ‘काहीतरी’चे नाव कळायला 2001 उजाडले. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत देखणी निदानकथा आहे.

आज गॅलियम डोटाटेट पेट स्कॅनने अशी गाठ हुडकता येते. मुंबईत केईएमच्या डॉक्टरांनी त्यावर अभ्यासही केला आहे. मात्र स्कॅन डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत हवा. नेहमीसारखा मांडीशी थांबवला, तर तळपायातली गाठ सुटते. ती सापडून पूर्ण निघाली, तर काही दिवसांतच फॉस्फरस वर येतो. नाहीच सापडली तर या हार्मोनला अडवणारे बुरोसुमॅब आहे. अमेरिकेने ते जन्मजात प्रकारासाठी 2018 मध्ये, गाठीच्या प्रकारासाठी 2020 मध्ये मंजूर केले. किंमत मात्र सामान्यांच्या आवाक्याबाहेर.

आता दुर्मिळ नसलेली गोष्ट. रक्तक्षयासाठी शिरेतून देतात ते फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हेच हार्मोन वाढवते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत ते घेणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांचा फॉस्फरस घसरला. लोहाच्या दुसऱ्या एका इंजेक्शनाने जेमतेम 8 टक्क्यांचा. बहुतेकांचा तो पुढे सावरतो, पण वारंवार डोस घेणाऱ्या काहींची हाडे मऊ झाल्याच्या नोंदी आहेत. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. अशी बाई अंग मोडून येतं, हाडं दुखतात म्हणाली, तर पुढची बाटली लावण्याआधी चिठ्ठीवर ‘सीरम फॉस्फरस’ एवढे दोन शब्द लिहायला काय हरकत आहे?