पडद्यावरील रंग आणि व्यापारातील सचोटी

साडीचे छायाचित्र पाहून मागणी येते. माल पोहोचल्यावर मात्र ‘रंग वेगळा आहे’ म्हणून तो परत येतो. माल खरा, व्यापारीही सचोटीचा. मग अंतर पडते कोठे? पुष्कळदा संगणकाच्या पडद्यावर.

प्रत्येक पडद्याची रंग दाखविण्याची रीत निराळी असते. तिची नोंद ज्या फाइलमध्ये असते, तिला ‘कलर प्रोफाइल’ म्हणतात. ती चुकीची असेल, तर आपण निगुतीने सुधारलेले छायाचित्र इतरांना वेगळेच दिसते.

विंडोजच्या शोधपट्टीत ‘कलर मॅनेजमेंट’ लिहून ते उघडावे व ‘डिव्हायसेस’मध्ये आपला पडदा निवडावा. खालील यादीत ‘डिफॉल्ट’ अशी खूण असलेली प्रोफाइल वापरात असते. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधील ‘डिस्प्लेज’ येथे तिचे नाव दिसते. ग्राहकांना पाठवावयाचे छायाचित्र ‘एसआरजीबी’मध्ये साठवावे, एचपी व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडलेले हे परिमाण आज सर्वत्र रूढ आहे. पडदा पिवळसर करणारी ‘नाइट लाइट’ सोय त्या वेळी बंद ठेवावी आणि प्रत्यक्ष कापड दिवसाच्या उजेडात चित्राशी ताडून पाहावे.

ग्राहकाचा पडदा आपल्या हाती नसतो, आपला मात्र असतो. तराजू तपासावा, तसाच तोही तपासावा.